लॅपटॉप गेला, डिस्क आहे

साखरा हे हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातले महसूल मंडळाचे गाव. अशा गावात आजूबाजूच्या खेड्यांची कागदाची कामे येऊन पडतात. सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज, बँकेच्या पासबुकाची प्रत. २०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा सुरू झाला, तेव्हा सेवा केंद्रांपुढच्या रांगा आठवत असतील. त्या रांगेतल्या प्रत्येकाचे कागद कुठल्या ना कुठल्या लॅपटॉपच्या पोटात गेले. म्हणजे केंद्रचालकाचा लॅपटॉप हे अर्ध्या गावाचे दप्तरच. आणि एका सकाळी तो सुरूच होत नाही.

मालकाचे पहिले वाक्य ठरलेले असते, "सगळं गेलं." दुकानदारही पुष्कळदा तसेच सांगतो, कारण त्याला नवा लॅपटॉप विकायचा असतो. पण गाडीचा आख मोडला म्हणून गाडीतली पोती नासली असे कोणी म्हणत नाही. लॅपटॉप ही गाडी, हार्ड डिस्क ही पोती. डिस्क बाहेर काढायची, यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडायची आणि पोती उतरवून घ्यायची. कॉपीचा वेळ सोडला तर काम अर्ध्या तासाचे, खर्च काही शे रुपयांचा. मात्र त्या अर्ध्या तासात चुकीच्या ठिकाणी 'हो' म्हटले, तर तोवर न गेलेले सगळे खरोखरच जाऊ शकते.

आधी मेले काय ते ओळखा

चार्जर लावूनही दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, पडदा काळाच राहतो, तर दोष बहुधा मदरबोर्डाचा, पडद्याचा किंवा वीजपुरवठ्याचा. पाणी सांडून किंवा विजेच्या झटक्याने असे होते. डिस्कचा त्यात दोष नसतो आणि ती शाबूत असण्याची शक्यता चांगली असते.

लॅपटॉप सुरू होतो, कंपनीचे नाव दिसते आणि पुढे विंडोज येत नाही, हा दुसरा प्रकार. इथे विंडोज बिघडले असेल किंवा डिस्कच थकली असेल. दोन्ही शक्यता धरून चालायचे.

तिसरा प्रकार आवाजाचा. डिस्कमधून ठराविक अंतराने 'टक्... टक्...' असा आवाज येत असेल, तर लॅपटॉप लगेच बंद करा आणि या लेखातला शेवटून दुसरा भाग आधी वाचा.

डिस्कची जात

लॅपटॉपमध्ये बसणारी तबकडीची डिस्क अडीच इंची म्हणून ओळखली जाते. तिची रुंदी साधारण ७० मिलिमीटर, लांबी १०० मिलिमीटर आणि जाडी बहुधा ९.५ किंवा ७ मिलिमीटर. तळहातावर सहज मावते. या मापाची पहिली डिस्क १९८८ साली अमेरिकेतल्या प्रेअरीटेक कंपनीने काढली. तिच्यात २० एमबी मावायचे, म्हणजे आजच्या मोबाइलच्या फार तर पाच-सहा फोटोंची सोय. त्याआधी १९५६ मध्ये आयबीएमने जी पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. ती आपल्या तुळईला टांगून ठेवावी लागली असती की काय, कोण जाणे.

जोडणीची टोके मात्र माप सारखे असूनही वेगवेगळी असतात, आणि अडॅप्टर घेताना माणसे इथेच फसतात.

साधारण गेल्या पंधरा-सोळा वर्षांतल्या लॅपटॉपची डिस्क साटा जातीची. तिच्या कडेला दोन चपट्या पट्ट्या असतात. लहान पट्टीत ७ संपर्क, तिच्यातून माहिती जाते. मोठीत १५, तिच्यातून वीज. दोन्हींचा आकार इंग्रजी 'एल'सारखा असल्यामुळे उलटे बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून पाहा.

त्याआधीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये आयडीई जातीची डिस्क असायची. तिला पट्ट्या नसतात, सुईसारख्या बारीक पिनांच्या दोन रांगा असतात, ४४ पिनांच्या हिशेबाने, आणि त्यांच्या बाजूला थोडे अंतर सोडून आणखी चार. त्या चार पिनांना अडॅप्टर लावायचा नसतो. एक पीन वाकली की कपाळाला हात लावायची वेळ येते. अशा डिस्कसाठी साटा आणि आयडीई दोन्ही टोके असलेला अडॅप्टर मिळतो. टायपिंगच्या जुन्या दुकानात किंवा शाळेच्या कपाटात पडलेला लॅपटॉप उघडणार असाल, तर आधी डिस्क बाहेर काढून पाहा आणि मगच बाजारात जा. शक्य असेल तर डिस्कच सोबत न्या.

गेल्या काही वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये तबकडी नसतेच. च्युइंगगमच्या कांडीसारखी एक पातळ पट्टी मदरबोर्डावर एका स्क्रूने बसवलेली असते. ही एम डॉट टू जातीची एसएसडी, बहुधा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. दिसायला एकसारख्या, पण आत दोन जाती. काही साटाच्या भाषेत बोलतात, काही एनव्हीएमईच्या. एकीचा अडॅप्टर दुसरीला चालेलच असे नाही, म्हणून पट्टीवरचे लेबल वाचून किंवा दोन्ही चालणारे केसिंग मागूनच घ्या.

काही स्वस्त लॅपटॉपमध्ये आणि ऍपलच्या अलीकडच्या मॅकबुकमध्ये साठवणीची चिप मदरबोर्डालाच डकवलेली असते. काढण्यासारखे काही नसतेच. तिथे हा उपाय संपतो.

आणखी एक फसवी वस्तू सांगून ठेवतो. बाजारात मिळणाऱ्या तयार बाह्य डिस्कचे यूएसबी तोंड तुटले की लोक तिचे कव्हर फोडून आतली डिस्क अडॅप्टरला लावायला बघतात. पण अशा काही डिस्कांच्या सर्किटवर साटाची पट्टीच नसते, यूएसबीचे तोंड थेट बोर्डावर डकवलेले असते. कव्हर फोडण्याआधी हे माहीत असलेले बरे.

केबल की केसिंग

साटा डिस्क जोडायला दोन साधने मिळतात. एक नुसती केबल, एका टोकाला साटाचे तोंड आणि दुसऱ्याला यूएसबी. दुसरे केसिंग, म्हणजे डिस्क आत बसवून झाकण लावायची डबी. एकदाच माहिती काढायची असेल तर केबल पुरते. नंतर तीच डिस्क बॅकअपसाठी वापरायची असेल तर केसिंग घ्या. उघडी डिस्क टेबलावर लोळत राहिली की कधी ना कधी तिच्यावर चहा सांडतो.

दोन्हींच्या आत एक लहानशी चिप असते. डिस्क बोलते साटा, संगणक ऐकतो यूएसबी, आणि मध्ये ही दुभाषी. तिची किंमत सगळ्या अडॅप्टरच्या किमतीत मुरलेली असते. अगदी कवडीमोल केबलमध्ये ही चिपच गचाळ निघते, आणि मग डिस्क मधूनच गायब होते, पुन्हा दिसते, पुन्हा गायब. दोष डिस्कला लागतो. अशा वेळी डिस्क बदलण्याआधी केबल बदलून पाहावी.

विजेचे गणित

डेस्कटॉप संगणकातल्या मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट असे दोन पुरवठे लागतात. त्यामुळे तिला वेगळा चार्जर असलेलाच अडॅप्टर हवा. लॅपटॉपची डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते, आणि यूएसबीमधून नेमके ५ व्होल्टच मिळतात. म्हणून तिला वेगळ्या प्लगाची गरज नसते.

पण व्होल्ट जुळले म्हणजे झाले असे नाही, प्रवाहही पुरला पाहिजे. २००० साली आलेल्या यूएसबी २.० च्या तोंडातून ५०० मिलिऍम्पिअर मिळण्याची हमी आहे, २००८ च्या ३.० मधून ९००. डिस्कच्या लेबलावर तिची गरज छापलेली असते. फिरायला लागल्यावर ती बहुधा या मर्यादेत राहते. खरी ओढ पहिल्या दोन-चार सेकंदांत लागते, कारण उभी असलेली तबकडी मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या वेगाला न्यायची असते. त्या क्षणी मागणी एक ऍम्पिअरच्या आसपास जाते. विहिरीवरची मोटर चालू करताना घरातला दिवा क्षणभर मंदावतो, तसाच हा प्रकार.

प्रवाह अपुरा पडला तर डिस्क फिरायला सुरुवात करते, थांबते, टिकटिकते, पुन्हा प्रयत्न करते. ऐकणाऱ्याला वाटते डिस्क मेली. कित्येक चांगल्या डिस्का याच गैरसमजापायी भंगारात गेल्या असतील. त्यामुळे टिकटिक ऐकली की लगेच केबल काढा आणि एकदाच, फार तर दोनदा, चांगल्या पुरवठ्यावर तपासा. निळ्या रंगाचे यूएसबी तोंड असेल तर ते वापरा, कारण तो रंग बहुधा ३.० ची खूण असतो. डेस्कटॉपवर पुढची तोंडे सोडून मागची, थेट मदरबोर्डावरची घ्या. दोन यूएसबी शेपट्या असलेली केबल मिळते, तिची दुसरी शेपटी जास्तीची वीज घेण्यासाठी असते, तीही लावा. मधे स्वस्त हब नको.

मोबाइलला लावता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. गावात लॅपटॉपपेक्षा मोबाइल जास्त, तेव्हा तो रास्तच आहे. ओटीजी केबलने एसएसडी बऱ्याच मोबाइलवर चालते. तबकडीच्या डिस्कला मोबाइलची वीज सहसा पुरत नाही. शिवाय विंडोजच्या डिस्कवरची एनटीएफएस मांडणी कित्येक मोबाइलना वाचता येत नाही, आणि मग ते डिस्क फॉरमॅट करायला सुचवतात. त्यापेक्षा शेजाऱ्याचा लॅपटॉप काही तासांसाठी मागून आणावा.

जाता जाता, हे यूएसबी प्रत्यक्षात आणणाऱ्यांत तेव्हा इंटेलमध्ये असलेले अजय भट्ट हे प्रमुख नाव. मूळचे वडोदऱ्याचे, शिक्षण तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठातले. ज्यांच्या नावाचे हे विद्यापीठ, ते सयाजीराव गायकवाड जन्माने नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. तेव्हा या चपट्या प्लगाला मराठी मातीचा थोडा वास आहे असे म्हणायला हरकत नसावी. तो एका फटक्यात सरळ का बसत नाही, हे मात्र भट्टांनाही आयुष्यभर ऐकून घ्यावे लागले आहे.

डिस्क बाहेर काढताना

चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर काढा, आत असेल तर मागचे कव्हर उघडल्यावर आधी तिचा प्लग सोडवा. जुन्या लॅपटॉपना डिस्कसाठी वेगळे छोटे झाकण असते, नव्यांचे पूर्ण पाठीचे कव्हर काढावे लागते. स्क्रू लहान-मोठे असतात. एका कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागेत फिरवला तर तो आतले काहीतरी फोडतो.

डिस्क बहुधा एका पत्र्याच्या चौकटीत असते. तिला सरकवून कनेक्टरमधून सोडवा, वर उचकटू नका. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज जमते, तेव्हा हात लावण्याआधी एखाद्या धातूच्या नळाला स्पर्श करावा. डिस्क कडांनी धरा. आणि ती फिरत असताना उचलू नका, हलवू नका, उपडी करू नका.

जोडल्यावर काय दिसते

अडॅप्टर आधी डिस्कला, मग संगणकाला. डिस्क सपाट जागी, पलंगावर किंवा गादीवर नको. काही सेकंदांत आवाज होतो आणि 'धिस पीसी'मध्ये नवी अक्षरे दिसू लागतात. एकाच डिस्कचे दोन-तीन भाग दिसणे साहजिक आहे. पूर्वीचा 'सी' इथे 'ई' किंवा 'एफ' होईल, त्याने बिचकायचे कारण नाही.

आता तो धोक्याचा क्षण. कधी कधी विंडोज म्हणते, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? इथे 'कॅन्सल'. तसेच 'इनिशियलाइझ' करायचे का असे विचारले तरी 'कॅन्सल'. विंडोज हे विचारते त्याचा अर्थ इतकाच की त्याला डिस्कवरची मांडणी समजली नाही. कदाचित ती लिनक्सची किंवा ऍपलची असेल, कदाचित मांडणीची नोंद थोडी खराब झाली असेल, कदाचित वीजच कमी पडत असेल. पाहुण्याला घरातली भाषा कळली नाही म्हणून घर पाडायचे नसते.

काहीच दिसत नसेल तर विंडोजचे बटण आणि 'एक्स' एकत्र दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे डिस्क तिच्या खऱ्या आकारासह दिसत असेल, पण अक्षर मिळालेले नसेल, तर त्या भागावर उजवे क्लिक करून अक्षर देता येते. आकार शून्य किंवा भलताच दिसत असेल तर केबल, वीज किंवा डिस्क यांतले काहीतरी बिघडले आहे.

जुन्या वापरकर्त्याचे फोल्डर उघडताना 'परवानगी नाही' असे येते. 'कंटिन्यू' केले की विंडोज परवानग्या बदलायला बसते, फायली पुष्कळ असतील तर वेळ लागतो. लॅपटॉपचा पासवर्ड आठवत नसला तरी या वाटेने फायली उघडतात. लोकांना याचे आश्चर्य वाटते. विंडोजचा पासवर्ड हे दाराचे कुलूप आहे, आणि आपण भिंतच उचलून आणलेली असते.

बिटलॉकर असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही. त्यात डिस्कवरचे प्रत्येक अक्षर सांकेतिक केलेले असते. ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. विंडोज ११ असलेल्या कित्येक नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच हे आपोआप चालू होते, मालकाला पत्ताही नसतो. ती किल्ली बहुधा त्याच खात्यात ऑनलाइन जपलेली असते. तेव्हा पहिल्यांदा लॅपटॉप चालू करून देणाऱ्या पोराने कुठला ईमेल टाकला होता, ते त्याला विचारा. किल्ली नसेल तर अडॅप्टर, दुकानदार, पुण्या-मुंबईची प्रयोगशाळा, कोणाचाच इलाज नाही.

फोल्डर रिकामी दिसतात किंवा त्यांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसतात, हा पेनड्राइव्हवरून फिरणारा जुना रोग. खरी फोल्डर तिथेच लपवलेली असतात. 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स' दाखवायला सांगा. शॉर्टकटवर क्लिक मात्र करू नका, तोच तर सापळा. असा रोग पाहुण्या संगणकाला लागू नये म्हणून कॉपी करण्याआधी डिस्क अँटिव्हायरसने तपासून घ्यावी. त्याने काही हटवायचे का विचारले तर नाव वाचून ठरवा.

आणि हो, डिस्क यूएसबीने जोडून जुने विंडोज जसेच्या तसे सुरू होईल अशी आशा धरू नका. प्रोग्रॅमही कॉपी करून चालत नाहीत. इथून फायली न्यायच्या, प्रोग्रॅम नव्याने टाकायचे.

काय काय उचलायचे

'युजर्स' फोल्डरात तुमच्या नावाचे फोल्डर असते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स त्यातच. आपल्याकडे डेस्कटॉप हेच कपाट असते, त्यामुळे अर्धा माल तिथेच सापडतो. कृषी सेवा केंद्राचा टॅलीतला हिशेब मात्र बहुधा तिथे नसतो. तो टॅलीच्या 'डेटा' फोल्डरात, पाच आकडी नावाच्या फोल्डरांत असतो. नुसता आकडा पाहून कोणी कचरा समजून सोडून देऊ नये. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड असे कॉपी करून मिळत नाहीत, ते जुन्या खात्याशी बांधलेले असतात.

आता मराठी माणसाने विसरू नये अशी एक गोष्ट, आणि माझ्या मते या साऱ्या खटाटोपातली ती सगळ्यात महत्त्वाची. फॉन्ट.

टायपिंगच्या दुकानातल्या, शाळेतल्या, पतसंस्थेतल्या जुन्या फायली पुष्कळदा युनिकोडमध्ये नसतात. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोजमध्ये ती २००० साली आली, पण गावोगावच्या टायपिंगवाल्यांचे बोट श्री-लिपी, कृतीदेव, सी-डॅकचे आयएसएम यांवरच बसलेले. या फॉन्टांची रीत अशी की फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, फक्त फॉन्ट त्यांच्या जागी 'क', वेलांटी, रफार यांची चित्रे दाखवतो. फॉन्ट काढून घेतला की ठरावाचे इतिवृत्त म्हणजे स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. फाइल शाबूत असते, वाचता मात्र येत नाही.

डिस्कवरून फायली सुखरूप आणल्या, डिस्क पुसून टाकली, आणि सहा महिन्यांनी कोणीतरी २००६ चे खरेदीखताचे टिपण उघडले. तेव्हा कळते की फॉन्ट त्या पुसलेल्या डिस्कवर होता. म्हणून जुन्या डिस्कवरच्या 'विंडोज' फोल्डरातले 'फॉन्ट्स' हे पोटफोल्डर उघडत न बसता आख्खे उचलून आणा. काही शे एमबीचे ओझे असेल, पण जुन्या दप्तराची गुरुकिल्ली तीच. सी-डॅकच्या फॉन्टांची नावे बहुधा 'डीव्ही'ने सुरू होतात, त्यात योगेश आणि सुरेख ही जुनी ओळखीची मंडळी. फॉन्ट हाती असला की असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनेही वापरता येतात. त्यांना आधी कळावे लागते की मूळ फॉन्ट कोणता, आणि तेही नाव तुम्हाला त्याच फोल्डरात सापडते.

गावाच्या डिस्कांवर आणखी एक माल असतो. अखंड हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनांची ध्वनिमुद्रणे. नर्सी नामदेव याच जिल्ह्यातले, तेव्हा या मुलखात कोणाच्या ना कोणाच्या लॅपटॉपमध्ये एखाद्या आता हयात नसलेल्या बुवांचा आवाज असणारच. दाखले पुन्हा काढता येतात, सात-बारा पुन्हा उतरवता येतो. हा आवाज पुन्हा मिळणार नाही. कॉपी करताना पहिला नंबर अशा वस्तूंचा, मग कुटुंबाच्या फोटोंचा, मग हिशेबाचा. सिनेमे सगळ्यात शेवटी, किंवा नकोच.

किती वेळ, आणि लाईट गेली तर

यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी. प्रत्यक्षात हाती पडतात ३० ते ३५. पाचशे जीबीची भरलेली डिस्क या वेगाने उतरवायला साडेचार तास लागतात. ३.० च्या तोंडावर वेग यूएसबी ठरवत नाही, तबकडीच ठरवते. सेकंदाला १०० एमबीच्या आसपास धरले तर तेच काम दीड तासाचे. हजारो बारीक फायली असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो, कारण प्रत्येक फाइलसाठी डिस्कला नवी जागा शोधावी लागते. ३.० चा प्लग अर्धवट किंवा फार हळू खुपसला तर संगणक त्याला २.० समजतो. वेग संशयास्पद वाटला तर एकदा नीट काढून झटक्यात पूर्ण आत लावा.

कॉपी अर्ध्यावर असताना लाईट जाणे ही आपल्याकडची रोजची गोष्ट. डेस्कटॉपपेक्षा चांगली बॅटरी असलेला लॅपटॉप यासाठी बरा. एकदम सगळे न उचलता फोल्डर-फोल्डर करून कॉपी करा. मध्येच तुटले तर कुठपर्यंत आलो होतो ते कळते. आणि 'कट' नको, 'कॉपी'च. 'कट'मध्ये मूळ जागेवरून फाइल हटत जाते, तुटलेल्या कामात ती ना इकडची ना तिकडची होऊ शकते. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत काम असेल तर डिस्कवर टेबलफॅनचा वारा राहू द्या. शेवटी 'सेफली रिमूव्ह' करून, तबकडी थांबेपर्यंत पाच-दहा सेकंद थांबून मग केबल काढा.

डिस्कच कुरकुरत असेल तर

तबकडीवरून माहिती वाचणारे डोके तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. याच जिल्ह्यात औंढा तालुक्यात ज्या लायगो वेधशाळेला केंद्राने २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, ती प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल मोजण्यासाठी आहे. त्या मापापुढे नॅनोमीटर म्हणजे ढोबळ गोष्ट. पण तुमच्या दुकानातल्या धुळीच्या कणापुढे ते अंतर काहीच नाही. म्हणून डिस्कचे पत्र्याचे झाकण कधीही उघडायचे नाही. उघडलेली डिस्क मग जाणकाराच्या हातातही अवघड होते.

चांगली केबल, चांगली वीज, तरीही 'टक् टक्' थांबत नसेल तर डोके किंवा त्याचा हात बिघडलेला आहे. प्रत्येक वेळी जोडून पाहण्यात तबकडीवर ओरखडे वाढतात. तिथेच थांबा. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा एक जुना तोडगा अजून फिरतो. आत दव धरते, तो करू नका. मजकूर खरोखर मोलाचा असेल तर मोठ्या शहरातल्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडे पाठवा. ते हजारोंत पैसे घेतात, म्हणून आधी मोलाचे काय आहे ते ठरवा.

आवाज नाही, पण फायली अडखळत उघडतात, कॉपी एका जागी अडते, अशी डिस्क थकत चाललेली असते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कने स्वतः ठेवलेला आजारपणाचा तक्ता दाखवते. बहुतेक अडॅप्टरमधूनही तो दिसतो. 'रिऍलोकेटेड' आणि 'पेंडिंग' सेक्टरांचे आकडे शून्यावरून वाढलेले दिसले, तर आधी सर्वांत महत्त्वाचे उचला आणि दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. 'चेकडिस्क' चालवावेसे वाटते, पण ते डिस्कवर लिहिते, आणि आजारी डिस्कवर लिहिणे म्हणजे तापात असलेल्या माणसाला नांगराला जुंपणे. जाणकार अशा वेळी लिनक्सवरचे डीडीरेस्क्यू वापरतात. ते आधी सोपे भाग वाचून घेते, अडलेल्या जागांकडे नंतर परत येते आणि अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवते. पुढचे सगळे प्रयोग त्या नकलेवर.

चुकून हटवलेल्या फायली शोधायच्या असतील तर फोटोरेक हे मोफत साधन आहे. नावात फोटो असले तरी ते कागदपत्रेही शोधते. सापडलेल्या फायली त्याच डिस्कवर ठेवू नका, कारण ज्यांना शोधायचे त्यांच्याच डोक्यावर त्या लिहिल्या जातील.

रिकामी झालेली डिस्क

चांगली डिस्क केसिंगमध्ये घालून बॅकअपसाठी ठेवा. फॉरमॅट करताना एफएटी ३२ निवडले तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, दोन तासांचे कीर्तनाचे चित्रीकरण अडकते. एक्सफॅट किंवा एनटीएफएस बरे.

ती विकायची किंवा भंगारात द्यायची असेल, तर तिच्यावर कोणाकोणाचे आधार, पासबुक, अंगठे आणि सह्या आहेत ते आठवा. 'क्विक फॉरमॅट'ने फक्त अनुक्रमणिका पुसली जाते, पाने तशीच राहतात. वर सांगितलेल्या फोटोरेकसारख्या साधनाने ती कोणीही परत काढेल. फॉरमॅटच्या खिडकीतली 'क्विक'ची खूण काढली की विंडोज सगळ्या जागेवर शून्ये लिहिते. वेळ तासांत लागतो, रात्री लावून झोपावे. एकाच डिस्कचे अनेक भाग असतील तर प्रत्येकावर हे करावे लागते. चालतच नसलेल्या डिस्कवर हातोडा चालवणारेही आहेत. पण अडीच इंची डिस्कच्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात, एका घावात भुगा होतो आणि तो उडतो. हातोडा घ्यायचाच असेल तर डिस्क जाड गोणपाटात गुंडाळून घ्या आणि पोरांना अंगणातून आत पाठवा.